चयापचयाचा काटा

चयापचय हा शब्द मी बावीस वर्षं शिकवला. व्याख्या द्या, गुण दोन. ‘सजीवाच्या शरीरात घडणाऱ्या सर्व रासायनिक क्रियांना एकत्रितपणे चयापचय असे म्हणतात’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना मला आता डोकं लावावं लागत नाही, हात आपला आपण लिहितो. पोरं ते वहीत उतरवून घेतात, वहीतून पेपरात उतरवतात आणि उरलेल्या आयुष्यात त्या शब्दाच्या वाटेला जात नाहीत. खरं सांगायचं तर मीही गेलो नव्हतो. विज्ञानाच्या शिक्षकाने शिकवलेलं सगळं घरी वापरायचं ठरवलं तर त्याचा संसार चालणार नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत डॉक्टरांनी माझं वजन केलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टरने चष्मा काढून ठेवला की समजावं, आपल्या आवडीचं काहीतरी बंद होणार आहे. ते म्हणाले, ‘खैरनार सर, तुमची बॉडी साखर नीट मेटाबोलाइज करत नाही.’ वजन चौऱ्याऐंशी होतं. ते तीन महिन्यांत पाच किलो उतरवायचं, नाहीतर गोळ्या सुरू, आणि गोळ्या एकदा सुरू झाल्या की त्या जन्माच्या. मी शास्त्राचा माणूस असल्यामुळे मान डोलावली. बायकोने, म्हणजे सुवर्णाने, मान डोलावली नाही.

घरी येताना स्कूटरवर तिने मागून विचारलं, मेटाबोलाइज म्हणजे काय. मी खांद्यावरून मागे तोंड करून, नाशकातल्या कॅनडा कॉर्नरच्या गर्दीत, संपूर्ण व्याख्या सांगितली. चय म्हणजे बांधणी, अपचय म्हणजे मोडणी, हेही सांगितलं. एका रिक्षावाल्याने मला जे सांगितलं ते इथे देत नाही. सुवर्णाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, ‘म्हणजे काय?’ बावीस वर्षांत व्याख्येनंतर कोणी ‘म्हणजे काय’ विचारलंच नव्हतं. वर्गात व्याख्येनंतर घंटा होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुधी आला. मुलगा हर्षल पुण्याला शिकायला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. सोमवारी दुधी, मंगळवारी दोडका, बुधवारी दुधी, आणि गुरुवारी सुवर्णाचा उपास म्हणून मला एकट्याला दुधी. बिनसाखरेचा चहा. भाकरी मोजून दोन. नाशकात फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं रस्त्यावर हातगाड्यांतून ओसंडत असतात आणि माझं तर सासर दिंडोरीचं, दर आठवड्याला पेटी यायची. ती पेटी सुवर्णा माझ्यादेखत शेजारी वाटून टाकायची. मी एका शब्दाने कुरकुर केली नाही. मार्चअखेर वजनाला गेलो. पंच्याऐंशी.

डॉक्टरांनी गोळ्यांआधी आणखी एक महिना दिला. घरी आल्यावर सुवर्णाने माझ्या शर्टाचा खिसा हुंगला. मी मिसळ खातो असा तिचा वहीम होता. आता नाशकात माणसावर मिसळीचा आळ घेणं फार सोपं आहे, कारण दर दोनशे पावलांवर एक दुकान आहे आणि माणसाला कुठेतरी उभं राहावंच लागतं. त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंनी माझी स्कूटर अशाच एका दुकानासमोर पाहिली. स्कूटर पंक्चर झाली होती. पंक्चर काढणाऱ्याने दुकान मिसळीच्या शेजारी थाटलं यात माझा काय दोष? मी तासभर उभ्याने तर्री हुंगली आणि कोरडा घरी आलो, हे जगातलं एकमेव सत्य असूनही ते ऐकताना खोटं वाटतं याची मला पूर्ण कल्पना आहे.

मी सुवर्णाला सगळं सांगितलं. हा चयापचयाचा प्रश्न आहे, चारित्र्याचा नाही, असंही म्हणालो. ती भाकरी थापत होती. न वळता म्हणाली, ‘वजनाचं मला काही नाही. कमी होईल नाहीतर राहील. तुम्ही माझ्याशी खोटं बोलता, त्याचं वाईट वाटतं.’

त्यानंतर तिने विचारणंच सोडलं. ‘कुठे होतात’ नाही, ‘उशीर का झाला’ नाही. मुकाट्याने वाढायची, मुकाट्याने भांडी उचलायची. चोवीस वर्षं जिने मला पेन्सिल कुठे ठेवली तेही विचारलं, तिने विचारणं सोडलं की घर कसं होतं हे ज्याचं त्याला कळतं. मी घरात असून पाहुण्यासारखा वावरायला लागलो. मिसळ खाल्ली असती तर निदान चव तरी लक्षात राहिली असती.

तेव्हा मी ठरवलं की हे प्रकरण शास्त्राने सोडवायचं. प्रयोगाची मांडणी साधी होती. एकच स्वयंपाकघर, माणसं दोन, मुदत एक महिना, तेवढे दिवस गुरुवारचा उपास बंद. महिनाभर मी घराबाहेर पाण्याव्यतिरिक्त काही घ्यायचं नाही. शाळेत मला आणायला-पोचवायला शेजारचे सावळीराम अण्णा स्कूटरवर मागे बसणार, म्हणजे साक्षीदारही झाला. दोघांनी खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं. आधी आणि नंतर दोघांची वजनं करायची. सारखं खाऊन दोन देहांचं दोन तऱ्हेचं झालं, तर दोष देहाचा, माणसाचा नाही. सुवर्णाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, करा काय करायचं ते. मी याला संमती धरलं.

अडचण आली ती वजनाची. मेन रोडवरून मी बाथरूममध्ये ठेवायचा एक छोटा काटा आणला होता. तो माणसाच्या वजनापेक्षा जमिनीच्या उतारावर चालायचा. हॉलमध्ये मी ब्याऐंशी, स्वयंपाकघरात सत्त्याऐंशी. देवघरासमोर तर त्याने मला एकाहत्तर दाखवलं, आणि सुवर्णाने मनापासून नमस्कार केला. असल्या साधनावर प्रयोग उभा करणं मला पटेना. मी सुवर्णाच्या चुलतभावाला, गोरक्षला, फोन केला. गोरक्षचा मार्केट यार्डात भाजीपाल्याचा गाळा. मी म्हणालो, एक भरवशाचा काटा पाहिजे, महिनाभरासाठी, माणसांचं वजन होईल असा. तो म्हणाला, ‘दाजी, काळजी करू नका.’ हे वाक्य ऐकल्यावर मी काळजी करायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. त्यातून पुरुषभर उंचीचे तीन लोखंडी पाय, एक दांडी, जाड साखळ्या, आणि दोन माणसं मांडी घालून बसतील एवढाली दोन पारडी उतरली. कांद्याच्या गोण्या तोलायचा जुना काटा होता तो. जिन्यात तो वळेना, दारातून शिरेना. शेवटी गोरक्षने तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या जागेवर उभा केला, मापांची पोती खाली ठेवली, पारडी समतोल करून दाखवली आणि निघून गेला. मी वरच्या गॅलरीतून पाहिलं. खरंच देखणा काटा होता. एका पारड्यात चिमणी बसली तरी दांडी हलायची.

पहिल्या आल्या वत्सलाबाई, चार महिन्यांची वर्तमानपत्रं घेऊन. मी रद्दीचा धंदा काढला अशी त्यांची समजूत झाली होती आणि शिक्षकांना पगार पुरत नाही याबद्दल त्यांना मनापासून कणव होती. मी चयापचय समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रद्दी तिथेच ठेवून गेल्या. मग सावळीराम अण्णा आले. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे अध्यक्ष, त्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू दिसली की तिचा अर्ज कुठे आहे असं वाटतं. पार्किंगची जागा वाहनासाठी आहे, काटा हे वाहन नव्हे, तेव्हा विशेष सभा घ्यावी लागेल, म्हणाले. सभा झाली. काटा हे ‘तात्पुरतं शैक्षणिक साधन’ ठरलं. ठराव मंजूर झाल्यावर अण्णांनी स्वतःचं वजन करून घेतलं, मग त्यांच्या सौभाग्यवतींचं, मग नातवाचं. मी मापं उचलून उचलून हैराण झालो.

आमची वजनं मी पहाटे उरकली. मी चौऱ्याऐंशी आणि तीन पाव, कारण बूट काढले होते. सुवर्णा मात्र पारड्यात बसायला तयार होईना. शास्त्रासाठी ती बसेल, पण आकडा वत्सलाबाईंना कळता कामा नये, अशी तिची अट होती. मी चादर आडवी धरली, वजन केलं आणि आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान स्टेपल केलं. तो आकडा मी इथेही देत नाही.

आता वहीबद्दल थोडं. दोनशे पानी वही, मधोमध उभी रेघ. डावीकडे मी, उजवीकडे सुवर्णा. जेवण झालं की मी हात धुऊन लगेच लिहायला बसायचो. डावीकडे: भाकरी दोन, दुधी एक वाटी, वरण अर्धी वाटी, काकडी. उजवीकडे: तेवढंच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बीएस्सीला माझं प्रयोगाचं जर्नल कॉलेजात आदर्श म्हणून दाखवलं जायचं, आणि ती शिस्त मी सोडलेली नव्हती. तारीख, वेळ, शेरा, सही. एकाही पानावर खाडाखोड नाही.

आठव्या दिवशी वजनमापांचे निरीक्षक आले. कोणीतरी कळवलं होतं की एका निवासी इमारतीत विनापरवाना काटा चालू आहे. गृहस्थ अतिशय सभ्य होते आणि म्हणूनच जास्त अवघड होते. त्यांनी काट्यावरचा शिक्का पाहिला, तो बरोबर निघाला. मग त्यांनी फॉर्म काढला. ‘काट्याचा उपयोग’ या रकान्यात त्यांना काय लिहावं ते कळेना. मी म्हणालो, लिहा, चयापचय. ते म्हणाले, हा माल कोणत्या वर्गात येतो? मी म्हणालो हा माल नाही, क्रिया आहे. ते म्हणाले, काट्यावर क्रिया कशी तोलणार, काहीतरी वस्तू ठेवावी लागेल. मी म्हणालो, वस्तू म्हणजे मी आणि माझी बायको. त्यांनी पेन खाली ठेवलं. अखेर असं ठरलं की मी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र द्यावं. त्याप्रमाणे कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून मी लिहवून घेतलं, की सदर काट्यावर तोलण्यात येणारे दोन्ही इसम विक्रीसाठी नाहीत. टायपिस्टने दोनदा वाचून पाहिलं आणि नेहमीचेच पैसे घेतले. नाशिकचे टायपिस्ट समंजस असतात.

मधल्या काळात शब्द सोसायटीत पसरला. मी पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा समजावला होता की लोकांना तो आवडायला लागला. वत्सलाबाईंच्या सुनेला बोललेलं चयापचय होत नव्हतं. अण्णांच्या नातवाला गणित चयापचय होत नव्हतं. नळाला पाणी आलं नाही तर टाकीचं चयापचय बिघडलं आहे असं वॉचमन सांगू लागला. मी सुरुवातीला चुका दुरुस्त करायचो. नंतर सोडून दिलं, कारण लोक व्याख्येशिवाय तो शब्द माझ्यापेक्षा बरा वापरत होते आणि ते पाहून मला फार अपमान वाटत होता.

सुवर्णा हा शब्द उच्चारत नसे. वाढताना काय तेवढी बोलायची. मी दुधीकडे बघत बसलो की पाव भाकरी आणखी ताटात पडायची. मी ‘नको’ म्हणायचो. ती म्हणायची, ‘घ्या.’ मी परत ‘नको’ म्हणून घ्यायचो. आमच्याकडे जेवण असंच होतं. कळवणला माझ्या घरी तर पाहुण्याने चारदा नको म्हटल्याशिवाय त्याला जेवला असं मानतच नाहीत. या पाव भाकरीची नोंद वहीत नाही, कारण ती मी नको म्हटलेली होती. नको म्हटलेलं अन्न खाल्लेल्यात कसं धरणार?

महिना संपायला तीन दिवस उरले असताना माझ्या सासूबाई, सिंधुबाई, दिंडोरीहून आल्या. गोरक्षच्याच टेम्पोने, आणि बरोबर दहा-दहा किलोच्या गुळाच्या नऊ ढेपी. झालं होतं ते असं. माझ्या साखरेची बातमी कळली तेव्हा सिंधुबाई वणीच्या गडावर देवीला बोलून आल्या होत्या, की जावयाला बरं वाटू दे, जावयाच्या भारोभार गूळ वाटीन. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मग गोरक्षने यार्डात सांगितलं की मास्तरांनी माणूस तोलायचा काटा मागवून घेतला. माणूस तोलायचा काटा भल्या माणसाच्या दारात फक्त तुलेसाठी येतो, हे दिंडोरीत लहान पोरालाही ठाऊक आहे. सिंधुबाईंनी ओळखलं की जावयाची साखर उतरली, जावई नवस फेडायला आपण होऊन तयार झाला, आणि संकोचामुळे बोलत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, ‘लय मोठ्या मनाचे हाय तुम्ही, जावईबापू.’

साखरेच्या रोग्याला गुळाने तोलणं यात शास्त्रीय दृष्ट्या काय काय चूक आहे हे मी सांगणार होतो, तेवढ्यात सुवर्णाकडे लक्ष गेलं. महिन्याभराने सुवर्णाच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. आईच्या मागे उभी राहून ती पदर तोंडाला लावून हसत होती. तेवढ्यासाठी मी गुळाने काय, सिमेंटने तोलून घ्यायला तयार झालो असतो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या. अण्णांनी तुलेला सोसायटीची हरकत नसल्याचं पत्र स्वतःच स्वतःला देऊन टाकलं. वत्सलाबाईंनी काट्याच्या दांडीला झेंडूच्या माळा बांधल्या, त्यामुळे दांडी एका बाजूला झुकली आणि मला माळा दोन्हीकडे तोलून बांधाव्या लागल्या. नवस आणि निकाल एकाच दिवशी उरकायचे असं मी ठरवलं होतं. सकाळीच चादर धरून सुवर्णाचं वजन केलं होतं, स्टेपल केलेलं पान उघडून ताडलं होतं. माझंही केलं होतं. निकाल माझ्या खिशात होता आणि तो माझ्या बाजूने होता.

मला टोपी घालून पारड्यात बसवलं. मांडी घातली, साखळ्या धरल्या. गोरक्षने समोरच्या पारड्यात ढेपी चढवायला सुरुवात केली. आठ ढेपी चढल्या तरी मी जमिनीवरच होतो. उरलेल्या पाच-सहा किलोंसाठी त्याने नववी ढेप फोडली, तुकडे टाकले आणि मी हवेत उचलला गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बोलायचं ते याच वेळी.

मी हवेतून सभेला निकाल सांगितला. एक महिना, एक स्वयंपाकघर, एकच भाकरी आणि एकच दुधी. माझं वजन वाढलं एक किलो. माझ्या पत्नीचं कमी झालं साडेतीन किलो. हीच ती क्रिया, हेच ते चयापचय. अण्णांनी उभं राहून साक्ष दिली की सरांनी महिनाभर बाहेर पाणीसुद्धा घोटभरच घेतलं. मी वही वर धरली. बावीस वर्षांच्या नोकरीत माझा इतका चांगला तास कधी झाला नव्हता.

सुवर्णा पुढे आली. सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात म्हणाली, ‘मी उगाच संशय घेतला. चुकलं माझं.’ मी पारड्यात असल्यामुळे मला तिच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही.

सिंधुबाई खाली सतरंजीवर बसून फोडलेला गूळ नीट करत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, वहीत सुवर्णाच्या बाजूला काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. तेवढंच. पान उलटलं. तेवढंच. पुन्हा उलटलं.

‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही लय शिकलेले हाय. एकच इचारते. हिला जेवताना पाह्यलं का तुम्ही कधी?’

मी आठवायला लागलो. लग्नाच्या दिवशी घास भरवला होता. त्यानंतर मी जेवायचो, हात धुवायचो, वही काढायचो, आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा. कधीतरी ती जेवतच असणार. माणूस जेवतोच. चोवीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता आणि प्रयोगाच्या महिन्यातही पडला नव्हता.

सिंधुबाई तीन दिवस घरात होत्या, त्यांनी पाहिलं होतं. त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. दोघांच्या मिळून चार भाकरी होतात. त्यातल्या तुमच्या दोन. मग पाव, मग अर्धी, असं करत तिसरीही तुमच्याच ताटात. भाजीही तशीच. मागून ही ओट्याशी उभी राहून उरलेली भाकरी ताकात कुस्करून पिऊन टाकते. ‘पोटात गेलं तर अंगी लागंल ना, जावईबापू. तिच्या पोटात काय गेलंच नाय.’

सुवर्णा म्हणाली, ‘आई, गप बस ना.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तुम्ही दुधीकडे बघत बसायचात. मला वाटायचं, पोट भरलं नाही. म्हणून वाढायची. पाव भाकरी काय मोजायची असते का?’

म्हणजे मी बाहेर खात नव्हतो हे खरं होतं, आणि जास्त खात होतो हेही खरं होतं. जो ऐवज ती माझ्या खिशात हुंगून शोधत होती तो रोज तीच मला वाढत होती. तिने तो धरला नाही, कारण तो तिच्या वाट्याचा होता. मी धरला नाही, कारण मी नको म्हटलं होतं. दोनशे पानी वहीत तो कुठेच नव्हता.

मला तिथून उतरायचं होतं. आत्ता, लगेच. मी पाय खाली सोडला तसा गोरक्ष ओरडला, ‘दाजी, हलू नका, समोरचं पारडं आदळेल, काकू खालीच बसल्यात.’ मग मी हललो नाही. तो एकेक ढेप उतरवेपर्यंत झेंडूच्या माळांखाली टोपी घालून तसाच लोंबकळत बसलो. समोर सगळी सोसायटी. कोणी हसत नव्हतं, हे जास्त वाईट होतं. वत्सलाबाई आपल्या सुनेकडे बघत होत्या. अण्णा त्यांच्या सौभाग्यवतींकडे बघत होते आणि त्या जमिनीकडे बघत होत्या. अण्णांनी माझा ठराव, माझी वही, सगळं तोलून पाहिलं होतं, पण आपल्या घरी मागून काय उरतं हे त्यांनाही माहीत नसावं.

जमिनीला पाय लागल्यावर मी टोपी काढली. सुवर्णाला म्हणालो, ‘आज आपण बरोबर जेवू.’ ती म्हणाली, आज घरात माणसं आहेत, गूळ वाटायचाय, उद्या बघू. मी म्हणालो, आजच.

गूळ सिंधुबाईंनी वाटला. दुपारी मी स्वयंपाकघरात जमिनीवर दोन ताटं मांडली, पाटही मांडले. ती बसायला तयार होईना. तिने आईला विचारलं, आई म्हणाली बस. ती बसली, पण एका गुडघ्यावर, मध्येच उठावं लागणार असल्यासारखी. चार भाकऱ्या मधे ठेवल्या होत्या. मी दोन तिच्या ताटात वाढल्या. भाकरी वाढायची मला सवय नव्हती, एक मोडली.

मी बघत राहिलो तशी ती थांबली. म्हणाली, ‘असं टक लावून बसलात तर घास कसा उतरेल?’ मी मान वळवून खिडकीकडे बघत जेवू लागलो. शेजारून भाकरी मोडल्याचा आवाज यायला लागला. माझ्या दोन संपल्या. मी दुधीकडे बघत बसलो असणार, कारण तिचा हात आला आणि माझ्या ताटात पाव भाकरी पडली.

मी ती उचलून तिच्या ताटात परत ठेवली. ती म्हणाली, ‘घ्या.’ मी म्हणालो, ‘नको.’ तिने ती पुन्हा माझ्याकडे सरकवली. आयुष्यात पहिल्यांदाच मी नको म्हटलं आणि खरंच घेतलं नाही. पाव भाकरी परत तिच्या ताटात ठेवली आणि तिने ती संपवेपर्यंत हात धुवायला उठलो नाही.